द्वारकावहिनी आणि मांडवगडचं तळं

धारेतल्या आमच्या गल्लीत कुणी 'भिया' अशी हाक मारली की चार पुरुष एकदम मान वळवत. दूधवाला वळे, समोरचा सोनार वळे, पखालवाला तर भरली पखाल घेऊन थांबे. आणि हाक असायची कुत्र्याला. द्वारकावहिनी ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या असत आणि पुरुषांची ती फजिती बघून मोठ्यानं हसत. त्या काळी बायका अशा हसत नसत. निदान रस्त्याकडे तोंड करून तरी नसतच.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून धारेत आले, ती या शतकाची पहिलीच काही वर्षं होती. रेल्वे महूपर्यंत, पुढे बैलगाडी. हाडं खिळखिळी होऊन उतरले तर आजूबाजूला सगळी मराठी घरं, पण मराठी अशी की अर्धी मला कळेना. पोरं 'काय करतेस'च्या जागी 'कंई करे' म्हणून विचारायची आणि सासूबाई मात्र पेशवाईतल्यासारखं बोलायच्या. त्या गोंधळात मला पहिल्या दिवशी जवळ घेतलं ते शेजारच्या द्वारकावहिनींनी. "सरू, घाबरू नकोस," म्हणाल्या. "माणसांशी मराठीत बोलायचं, कुत्र्यांशी माळवीत. भिया इथला आहे, त्याला आपलं कसं कळणार?" त्यांचं आडनाव मी सांगत नाही. त्या घरातली माणसं अजून धारेत आहेत आणि भली आहेत.

वहिनींचं वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, चालणं इतकं झपाझप की विहिरीवरून येताना घागरीतलं अर्धं पाणी अंगावर. नवरा मात्र घरात नव्हता. तो नर्मदेच्या परिक्रमेला म्हणून गेला तेव्हा वहिनी नुकत्या कुठे संसाराला लागल्या होत्या. गल्लीतलं एक वर्षभराचं कुत्रं त्याच्यामागे गेलं. काही महिन्यांनी ते कुत्रं एकटंच परत आलं, डावा कान फाटलेला आणि गळ्यात दोरीचा तुटका तुकडा. माणूस आला नाही.

त्या दोरीवर गल्लीनं पुष्कळ डोकं चालवलं होतं. कुणी म्हणे, वाटमाऱ्यांनी गाठलं, कुत्र्याला बांधून घातलं आणि माणसाला मारलं. कुणी म्हणे, मारलं नाही, पकडून नेलं. वहिनी दुसऱ्या पक्षाच्या. पकडलेला माणूस सुटून येऊ शकतो, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून कुंकू होतं, बांगड्या होत्या, आणि कुत्र्याचं नाव भिया होतं, म्हणजे भाऊ. वहिनींना सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या रीतीप्रमाणे चंद्राला ओवाळायच्या, आणि हा गडी नेमका मधे येऊन बसायचा, ताम्हनातल्या करंजीकडे बघत. "अरे, तुला नाही, त्याला," असं म्हणत एक करंजी मात्र त्यालाच द्यायच्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाची गोष्ट सांगते. एका मोठ्या घरी आम्ही सगळ्या बसलो होतो. यजमानीणबाई करंडा घेऊन ओळीनं येत होत्या आणि वहिनींपाशी येऊन त्यांचं बोट हवेतच राहिलं. लावावं की न लावावं? माणूस जिवंत असेल तर न लावणं अशुभ, नसेल तर लावणं पाप. सगळ्या बायका पन्ह्याच्या भांड्यात बघू लागल्या. वहिनींनी शांतपणे करंडा त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या कपाळी स्वतःच लावून घेतलं आणि करंडा परत दिला. म्हणाल्या, "तुम्हाला कोडं पडलं ना? आता पाप लागलं तर माझं मला. डाळ मात्र छान झालीय हो." घरी येताना त्या गल्लीच्या वळणावर थांबल्या आणि पदरानं डोळे पुसले. मी बघितलं. त्यांनी मला बघू दिलं.

परिक्रमेतले बैरागी, गोसावी धारेवरून जात. वहिनी एकालाही रिकामा जाऊ देत नसत, आणि एकालाही न विचारता सोडत नसत. हे त्या बैराग्यांना ठाऊक झालं होतं. माईला हवं ते सांगितलं की शिध्यावर तूप जास्त पडतं. पण वहिनीही पक्क्या. त्या मुद्दाम खोटी खूण सांगायच्या. "बाबा, बड़ी दाढ़ी थी, और ज़रा लंगड़ते थे, ऐसे कोई मिले?" बाबा लगेच डोळे मिटून म्हणायचा, "हाँ माई, ओंकारेश्वर में मिले थे. लंगड़ते थे. आपको याद करते थे." नवऱ्याला दाढी नव्हती आणि तो कधी लंगडला नव्हता. वहिनी मान डोलवायच्या आणि त्या खोटारड्याला ओंजळभर पीठ जास्त घालायच्या.

"अहो, खोटं बोलला तो," मी एकदा चिडून म्हटलं.

"मग? खोटं बोलायला दमत नसेल का बिचारा? उन्हातून आलाय." आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "आठवण काढत होते म्हणाला, तेवढं ऐकायला बरं वाटतं ग."

हे सगळं असं चालूही राहिलं असतं. पण बारा वर्षं पुरी होत आली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग तो गेला असं धरून त्याची क्रिया करायची, हे शास्त्र. पळसाच्या पानादेठांचा माणूस करतात, नारळाचं डोकं ठेवतात, आणि त्याला खऱ्या माणसासारखं पोचवून अग्नी देतात. आणि त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. आमच्या घरांतली विधवा म्हणजे केशवपन, तांबडं आलवण आणि कोपऱ्यातली खोली.

वहिनींचे थोरले दीर नाना हे काही दुष्ट नव्हते. दरबारात कारकुनी करणारा, दबक्या आवाजाचा माणूस. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि व्याही विचारत होते, तुमचा भाऊ आहे की नाही ते सांगा, नसेल तर त्याची क्रिया का झाली नाही? नानांनी वहिनींना समोर बसवून सांगितलं, तेव्हा ते स्वतःच रडले. वहिनी रडल्या नाहीत. "मी नाही ऐकायची," म्हणाल्या. "मेल्याची खूण दाखवा, मी न्हाव्यासमोर स्वतः बसेन. खूण नसताना जित्या माणसाला जाळाल तर मी त्या पळसावर पाणी ओतेन." भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिचं चूक नाही, आणि नानाचंही नाही." त्याच वर्षी पौषात आमचं मांडवगडला जायचं ठरलं.

झालं असं की माझ्या यजमानांना विषमज्वर झाला होता आणि सासूबाईंनी नवस बोलला होता, मुलगा उठला तर गडाअलीकडच्या नालछ्यापासून अनवाणी चालत गडावर जाईन आणि रेवाकुंडात स्नान करीन. रेवाकुंडाचं पाणी नर्मदेचंच मानतात. मुलगा उठला, पण सासूबाईंचे गुडघे बसले. तेव्हा नालछ्यापर्यंत त्या गाडीनं येणार आणि पुढचं चालणं त्यांच्या वतीनं मी करणार, असं ठरलं. सोबतीला वहिनी निघाल्या. मला वाटलं मला सोबत. गाडीत बसताना बघते तर त्यांच्या पायाशी भिया.

"याला कशाला हो? म्हातारा झालाय."

"परिक्रमेवाले सगळे रेवाकुंडाला जातात," एवढंच त्या म्हणाल्या. मग मला उमगलं. बारा वर्षांत वहिनींना तिथपर्यंत कुणी नेलं नव्हतं, आणि एकटीनं जायची सोय नव्हती.

नालछ्याला सासूबाईंना ओळखीच्या घरी ठेवून आम्ही उजाडता उजाडता निघालो. पुढे आमचा गाडीवान नंदराम खांद्यावर कुऱ्हाड टाकून, कारण गड म्हणजे तेव्हा जंगलच होतं, आणि वाघाची ताजी बातमी नेहमीच असायची. मागे आम्ही दोघी अनवाणी, आणि आमच्यामधे भिया. थंडी अशी की पायाखालचे खडे टोचायचे ते कळायचंही नाही. कळलं ते ऊन चढल्यावर. खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं, पडक्या वेशीतून आत शिरायचं, की पुढे आणखी एक वेस. भियाची मागची तंगडी अधूनमधून ओढायची. तो बसला की वहिनी बसायच्या, त्याच्या तोंडाशी ओंजळ धरून पाणी पाजायच्या आणि म्हणायच्या, "चाल भिया, थोड़ोज रयो हे." थोडंच राहिलंय, हे त्या पहिल्या कोसापासून सांगत होत्या. नंदराम एकदा म्हणाला, "बई, कुतरो झूठ नी समजे कंई?" त्यावर वहिनी त्यांचं ते गल्लीतलं हसू हसल्या. त्या दिवशीचं ते शेवटचं.

गडावरचं मोठं तळं लागलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाणी लांबच लांब, कडेला शिंगाड्यांचे वेल, पलीकडे उंच गवत आणि पडके घुमट. काठावर एक लहानसं महादेवाचं देऊळ आणि पडवीत तिथंच राहणारा एक म्हातारा बैरागी चिलीम साफ करत बसलेला. रेवाकुंड तिथून पुढे होतं, पण भिया पुढे येईना. वहिनींनी हाक मारली, नंदरामनं चुचकारलं. तो हुंगत हुंगत तळ्याच्या पायऱ्या उतरला. तिसऱ्याचौथ्या पायरीला दगडात एक लोखंडी कडी होती. तिच्यापाशी जाऊन तो बसला. तोंड मात्र पाण्याकडे केलं नाही, पलीकडच्या उतरणीच्या वाटेकडे केलं.

बैरागी उठून आला, कपाळावर हात धरून बघत राहिला आणि ओरडला, "अरे, यो तो वोज कुतरो हे! कान देखो इको!"

वहिनींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी घाई केली नाही. त्यांनी आपली नेहमीची खोटी खूण काढली. "बाबा, इसके साथ जो थे, उनकी बड़ी दाढ़ी थी ना? लंगड़ते थे ना?"

"दाढ़ी?" बैरागी म्हणाला. "नी माई. मूंछ ज फूटी थी. ने लंगड़ो कोनी थो, खूब तेज चालतो थो. डाबा हात से रोटी खातो थो, म्हने टोक्यो बी थो."

वहिनी पायरीवर बसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना 'नाही' म्हटलं होतं. त्यांचे यजमान डावखुरे होते.

पुढचं त्यांनी एकेक करून विचारलं आणि म्हाताऱ्यानं एकेक करून सांगितलं. तो भला माणूस होता. समोरची कोण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, वहिनींनी येऊ दिलं नाही. कुत्र्याला कुणी बांधलं?

"वणाज ने बांध्यो, माई. अणी कड़ी से. पाछे-पाछे आवतो थो, वास्ते. म्हने पूछी, थारो कुतरो हे? बोल्यो, म्हारो नी हे, लागी ग्यो. म्हने पूछी, घर में कुण हे? बोल्यो, कोई नी."

म्हणजे बांधणारा तोच, कुत्रं मागे येऊ नये म्हणून. आणि मग? मग काय, परिक्रमा तिथंच सोडली. कमंडलू देवळात ठेवला, आणि नर्मदेची वाट टाकून या पलीकडच्या उतरणीनं गुजरातच्या बाजूला निघून गेला. कुणी मागे नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. अंगानं धडधाकट होता. गाणं म्हणत गेला, म्हणे. कुत्रं रात्रभर ओरडलं आणि सकाळी दोर तोडून पळालं.

मी संतापले. देवाधर्माचं नाव सांगून घरातून निघायचं, वीस वर्षांच्या बायकोला 'कोणी नाही' म्हणायचं, आणि गाणं म्हणत जायचं! मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर वहिनींनी माझा हात दाबला. त्यांनी फडकं सोडलं, बैराग्याला आमच्यातल्या पोळ्या वाढल्या, मला वाढल्या, स्वतःही खाल्ल्या. भियाला अर्धी पोळी भिजवून चारली. मग आम्ही रेवाकुंडावर गेलो आणि सासूबाईंचा नवस फेडला. वहिनींनी माझ्याबरोबर बुडी घेतली. वर आल्या तेव्हा कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "असू दे. दोन दिवसांचं तर आहे."

परतताना भियाचे पाय गेले. वहिनींनी त्याला धाबळीत गुंडाळून खांद्यावर घेतला. नंदराम दोनदा हात पुढे करून थकला, त्याला दिलं नाही. त्या ओझ्यानं वाकून चालत असतानाच त्या बोलल्या.

"बारा वर्षं मी त्या दोरीसाठी रडले ग. म्हटलं, कुणी बांधलं असेल माझ्या माणसाला, कसा सोसत असेल."

"वहिनी, अहो, पण म्हणजे ते आहेत! नानांना सांगा. क्रिया होऊच शकत नाही. जिवंत माणसाची..."

"सांगून काय होईल? माणसं पाठवतील. सापडला तर धरून आणतील. मग त्याला मी रोज पानावर वाढू? 'कोई नी' म्हणालाय तो." त्या थांबल्या, कुत्रं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि नाही सापडला तर मी टाकलेली. गल्लीभर. विधवेला निदान एक नवरा होता असं तरी लोक म्हणतात, सरू. टाकलेलीला तेवढंही नसतं. आणि नानांची पोर त्यात अडकेल ती वेगळीच." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू काही ऐकलं नाहीस. आणि नंदरामा, तू बी नी."

"म्हने कंई नी सुण्यो, बई," नंदराम म्हणाला. त्यानं ते आयुष्यभर पाळलं. मी आता बोलते आहे, कारण वहिनी आणि नंदराम दोघंही आता नाहीत, आणि वहिनींच्या नवऱ्याबद्दल एक अक्षर वाईट न लिहिता मरायचं, हे मला जमणार नाही.

धारेत येताच वहिनी नानांना म्हणाल्या, "तळ्यावर पटलं मला. ते नाहीत. करा तुमचं." नानांनी खूण विचारलीसुद्धा नाही, त्यांनी वहिनींच्या पायांवर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. गल्ली म्हणाली, तीर्थाचा गुण आला, बाई शहाणी झाली.

क्रियेच्या दिवशी सासूबाईंनी मला बजावलं होतं, आज तिचं तोंड बघायचं नाही, तू सवाष्ण आहेस. मी माडीच्या खिडकीचं दार किलकिलं करून बघत होते. त्याच पहाटे न्हावी येऊन गेला होता. अंगणात पळसाचा माणूस निजवला होता. नानांनी पेटीतून भावाचा जुना अंगरखा काढून त्याला घातला होता. वहिनी मागच्या दारात, आलवणात, डोकं झाकून उभ्या होत्या. डोळ्यांत टिपूस नाही. जाऊबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या, "रडा हो, रडा, लोक बघतायत."

तिरडी उचलली तशी अंगरख्याची एक बाही खाली लोंबली. ओट्याखाली पडलेला भिया उठला. मांडवगडाहून आल्यापासून तो जागचा हलला नव्हता. लटपटत आला, ती बाही हुंगली, पुन्हा हुंगली, आणि शेपटी हलवू लागला. अशी हलवू लागला की त्याचं सगळं अंगच हलायला लागलं. भटजींनी हाड हाड केलं, कुणी खडा मारला. तो तिरडीमागे चालू लागला.

तेव्हा वहिनी रडल्या. भिंतीला धरून, मोठ्यानं, हसायच्या तशाच रस्त्याला ऐकू जाईल असं. बायकांना बरं वाटलं. पतिव्रता हो, असं कुणीतरी म्हणालं. त्या कशासाठी रडत होत्या हे ठाऊक असलेली मी एकटी, आणि मला जिना उतरून त्यांच्याजवळ जाता येत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात यजमानांची नेमणूक देवासला झाली आणि आम्ही धार सोडली. तोवर वहिनी कोपऱ्यातल्या खोलीबाहेर आल्या नाहीत, आणि पुढे कधी भेट झाली नाही. तेव्हा त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे क्रियेच्या दिवशीची संध्याकाळ. सगळे स्मशानातून परतले, अंघोळी झाल्या, कंदील लागले. मी परसात तुळशीपाशी गेले होते. दोन घरांमधली ती बुटकी भिंत. पलीकडे कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं आणि वहिनी उंबऱ्याच्या आत भुईवर बसल्या होत्या. दिवसभर त्यांना कुणी शिवलं नव्हतं. तेवढ्यात भिया आला. अंगाला धुराचा वास, पायांना राख. आमच्या घरांतून कुत्रं उंबरा ओलांडत नसे. तो ओलांडून आत गेला आणि कुणी काही म्हटलं नाही. त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. वहिनींनी त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला आणि अगदी हळू विचारलं, "अइग्यो भिया? वणां के पोंचाड़ी आयो?"

आलास, त्यांना पोचवून आलास?

मी तुळशीपाशी निरांजन ठेवलं आणि मागे न बघता घरात गेले.